नकाशाचा पांढरा माथा

मी तीस वर्षे भूगोल शिकवला. कोल्हापुरातील आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाच्या भिंतीवर जगाचा एक भला मोठा नकाशा टांगलेला असे. हातातील छडी त्यावरून फिरवीत मी मुलांना देशोदेशी हिंडवून आणीत असे. विषुववृत्तावरील घनदाट अरण्ये, सहारा वाळवंट, गंगेचे सुपीक खोरे, सारे आम्ही पायाखाली घातले होते. परंतु नकाशाच्या अगदी माथ्यावर, वरच्या दांडीला लागून, एक पांढरा पट्टा होता. माझी छडी तेथवर क्वचितच पोचे. एक तर तो फार उंच होता. आणि दुसरे म्हणजे, तेथे दाखवण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटलेच नव्हते.

वर्षातून एक तास मात्र त्या पट्ट्याच्या वाट्याला येई. मी फळ्यावर खडूने एक अर्धगोल काढी, त्याला बोगद्यासारखे दार काढी आणि सांगे, "मुलांनो, येथे बारा महिने बर्फ असते. येथे एस्किमो नावाचे लोक राहतात. ते बर्फाच्या घरात राहतात, कच्चे मांस खातात आणि कातडी पांघरतात. बाकी येथे काही नाही." मुले हसत. कोणी हुडहुडी भरल्याचे सोंग करून दात वाजवी. मग घंटा होई आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा उष्ण प्रदेशात परतत असू.

'बाकी येथे काही नाही' हे माझे वाक्य मलाच एके दिवशी झोंबेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते.

२०१९ सालची गोष्ट. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही नदीची धोक्याची पातळी मानतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची वाट तुटली. आमचे घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. रात्री उंबऱ्याशी आलेले पाणी सकाळी खिडकीच्या गजांना लागले. हाती आले तेवढे सामान घेऊन आम्ही राजारामपुरीत माझ्या मेहुण्यांच्या घरी आश्रयाला गेलो.

दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर शहराची आकाशातून घेतलेली चित्रे दिसू लागली. उंचावरून सारे एकरंगी, गढूळ आणि सपाट भासत होते. मधूनच पत्र्यांची आणि कौलांची एखादी रांग पाण्याबाहेर डोकावे. चित्राबरोबर बोलणारा गृहस्थ म्हणाला, "जिकडे पाहावे तिकडे पाणीच पाणी. बाकी येथे काही नाही."

माझी नात तेव्हा बारा वर्षांची होती. ती ताडकन उठून उभी राहिली. "काही नाही कसे?" ती ओरडली. "ती आपली गच्ची आहे! त्या पत्र्याखाली कुंभारकाकांचे गणपती आहेत. त्यांचे डोळे रंगवायचे राहिले होते. त्या वळणावर माझी मैत्रीण राहते. काही नाही कसे?" बोलता बोलता तिला रडू कोसळले. तिचे म्हणणे खरे होते. गणेशचतुर्थी जेमतेम तीन-चार आठवड्यांवर आली होती, आणि त्या पत्र्यांखाली कुंभारांचे वर्षभराचे कष्ट विरघळत होते. आकाशातून ते दिसत नव्हते इतकेच.

पाणी ओसरले. आम्ही घरी परतलो, चिखल काढला, भिंती धुतल्या. परंतु ओसरीच्या भिंतीवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ राहिली, ती काही केल्या जाईना. नातीने त्या रेघेपाशी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली.

त्याच वर्षी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी नात संगणकावर पृथ्वीचा गोल फिरवीत बसली होती. फिरवता फिरवता तिने तो थेट उत्तर ध्रुवापाशी आणून थांबवला आणि विचारले, "आजोबा, इथे कोण राहते?"

मी वर्तमानपत्रातून डोके न काढताच म्हणालो, "तेथे बर्फ असते. थोडे एस्किमो राहतात. बाकी तेथे काही नाही."

ती काही वेळ बोलली नाही. तिने भिंतीवरच्या रेघेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "काही नाही कसे, आजोबा?" ती हळूच म्हणाली. "तुम्हीही वरूनच बघताय."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. तीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याने माझी चूक इतक्या थोड्या शब्दांत दाखवून दिली नव्हती. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझे. चल, आपण खाली उतरून पाहू."

अशा रीतीने, सातवीतली एक मुलगी आणि तिचे सत्तरी ओलांडलेले आजोबा यांचा अभ्यास सुरू झाला. कोल्हापूर ते आर्क्टिक वृत्त हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेपाच हजार किलोमीटर भरते. आम्ही ते रोज दिवेलागणीला ओसरीवर बसून ओलांडीत असू. संगणक हा मोठा बोलका गुरू आहे. पण त्याच्यात एक दोष आहे. तो खरे आणि खोटे एकाच आवाजात सांगतो. म्हणून आम्ही एक नियम केला. जे वहीत लिहायचे, त्यापुढे ते कोणी सांगितले हेही लिहायचे. आणि तेथे राहणाऱ्या माणसाचे म्हणणे सर्वांआधी ऐकायचे.

पहिल्याच आठवड्यात माझा फळ्यावरचा अर्धगोल कोसळला. कॅनडाच्या उत्तरेस आणि ग्रीनलंडमध्ये राहणारे ते लोक स्वतःला एस्किमो म्हणवीत नाहीत. ते नाव परक्यांनी दिलेले. अनेकांना ते अपमानकारक वाटते. ते स्वतःला 'इनुइट' म्हणतात. त्यांच्या भाषेत इनुइट म्हणजे 'माणसे', आणि एका माणसाला म्हणतात 'इनुक'. १९७७ साली अलास्कात भरलेल्या परिषदेत त्यांनी हेच नाव आपले म्हणून स्वीकारले. 'इग्लू' म्हणजे नुसते घर. मग ते लाकडाचे असो, दगडाचे असो वा बर्फाचे. बर्फाची घरे काही भागांत हिवाळ्यापुरती आणि शिकारीच्या प्रवासात बांधीत. आज तेथील कुटुंबे लाकडी घरांत राहतात. पुष्कळ ठिकाणी ही घरे खांबांवर उचललेली असतात, कारण खालची जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. घराची ऊब लागून ती वितळली, तर घरच खचेल!

आणि ते कच्चे मांस? ज्या भूमीवर झाड उगवत नाही, तेथे लिंबू-आवळे कोठून आणायचे? 'क' जीवनसत्त्व मिळाले नाही, तर माणसाच्या हिरड्यांतून रक्त येते, अंग गळून जाते आणि शेवटी मृत्यू ओढवतो. युरोपातून आलेले कित्येक खलाशी त्या प्रदेशात या रोगाने मेले. देवमाशाच्या कातडीत आणि ताज्या कच्च्या मांसात हे जीवनसत्त्व असते. फार शिजवले की ते नष्ट होते. इनुइटांनी हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ओळखले होते. ज्या गोष्टीला मी तीस वर्षे वर्गात हसवले, ते त्यांचे शहाणपण होते. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

पुढे नावांचा आम्हांला नादच लागला. कॅनडाने १ एप्रिल १९९९ रोजी 'नुनावुत' हा नवा प्रदेश निर्माण केला. त्या शब्दाचा अर्थ 'आमची भूमी'. त्याच्या राजधानीचे नाव इकालुइत, म्हणजे पुष्कळ माशांचे ठिकाण. १९८७ पर्यंत ते गाव एका इंग्रज दर्यावर्दीच्या नावाने ओळखले जाई. खुद्द 'आर्क्टिक' या शब्दाचीही मोठी मौज आहे. ग्रीक भाषेत 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या ताऱ्यांत ग्रीकांना अस्वल दिसे. त्या ताऱ्यांखालचा तो आर्क्टिक. संस्कृतात अस्वलाला 'ऋक्ष' म्हणतात, आणि ऋग्वेदात याच ताऱ्यांना ऋक्ष म्हटले आहे. ऋक्ष आणि आर्क्टोस हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत. नात म्हणाली, "म्हणजे आजोबा, हे नाव आपल्या नात्यातलेच निघाले की!"

या ओळखीने मला लोकमान्य टिळकांच्या ग्रंथाची आठवण झाली. आमच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. विद्यार्थिदशेत मी तेथेच त्या ग्रंथाची पाने चाळली होती. टिळकांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांत वर्णिलेली दीर्घ उषा आणि दीर्घ रात्र ध्रुवाजवळच संभवते, म्हणून आर्यांचे मूळ वसतिस्थान तेथे असावे, असा त्यांचा तर्क. आजचे विद्वान हा तर्क मान्य करीत नाहीत. तथापि एका मराठी माणसाने महाराष्ट्रात बसून, केवळ ग्रंथ आणि खगोलगणित यांच्या बळावर त्या अनंत दूरच्या पहाटेचा वेध घ्यावा, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आम्हांला मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या नव्हे, तर आजच्या माणसांना भेटायचे होते.

आणि ती माणसे आम्हांला भेटू लागली. दक्षिण ध्रुवाभोवती मोठे खंड आहे, पण मूळचे रहिवासी कोणीच नाहीत. उत्तर ध्रुवाचे नेमके उलट आहे. ध्रुवावर जमीनच नाही; तरंगत्या बर्फाखाली चार हजार मीटरांहून खोल समुद्र आहे, आणि त्या समुद्राभोवतीच्या भूमीवर माणसे हजारो वर्षे नांदत आहेत. रशिया, कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड आणि ग्रीनलंडमुळे डेन्मार्क, अशा आठ देशांत हा प्रदेश विभागला आहे. तेथे सुमारे ४० लाख लोक राहतात. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेचे सर्वांत मोठे शहर म्हणजे रशियातील मुरमान्स्क. त्याची लोकसंख्या जवळजवळ आपल्या इचलकरंजीएवढी आहे! 'बाकी काही नाही' असलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्यात आख्खी इचलकरंजी मावत होती, आणि माझ्या छडीला तिचा पत्ता नव्हता.

एके दिवशी दुपारी साडेचार वाजता नातीने मला हाक मारली. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहात लाँगयिअरब्येन नावाचे गाव आहे. तेथे एका रस्त्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून चालू क्षणाचे दृश्य दिसत होते. त्यांच्या घड्याळात भर दुपारचे बारा वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता! ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य तेथे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्या दिव्यांच्या उजेडात पाठीवर दप्तर घेतलेले एक लहान मूल बर्फ तुडवीत चालले होते. नात कितीतरी वेळ त्या मुलाकडे पाहत राहिली. "त्याने गृहपाठ केला असेल का हो, आजोबा?" तिने विचारले. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्याने असा प्रश्न कोणाच्याही मनात उठला नव्हता.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि आमच्या प्रवासाला अधिकच वेळ मिळाला. रशियाच्या यामल द्वीपकल्पात नेनेत्स नावाचे लोक राहतात. रेनडिअरांचे मोठमोठे कळप घेऊन ते ऋतूप्रमाणे शेकडो किलोमीटर फिरतात. तंबू मोडायचा, घसरगाडीवर बांधायचा, आणि पुढच्या कुरणावर पुन्हा उभा करायचा. हे वाचताना आम्हां दोघांना आपले धनगर आठवले. घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारे त्यांचे वाडे आपण नेहमीच पाहतो. नेनेत्सांचे रेनडिअर हिवाळ्यात भुसभुशीत बर्फ खुरांनी उकरून खालची दगडफुलासारखी वनस्पती खातात. परंतु २०१३ च्या नोव्हेंबरात तेथे बर्फाऐवजी पाऊस पडला. मग पुन्हा थंडी पडली आणि त्या पाण्याचा काचेसारखा कठीण थर बनला. खुरांना तो फुटेना. साठ हजारांहून अधिक रेनडिअर अन्न पायाखाली असताना उपासाने मेले. आपल्याकडे पाऊस आला नाही म्हणजे धनगर आभाळाकडे पाहतो. तेथे अवेळी पाऊस आला म्हणून गुराखी देशोधडीला लागला.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या देशांच्या उत्तर भागात 'सामी' लोक राहतात. त्यांनाही परक्यांनी दिलेले 'लॅप' हे नाव आवडत नाही. नॉर्वेतील आल्ता नदीवर धरण बांधायचे ठरले, तेव्हा १९७९ मध्ये सामी तरुणांनी राजधानी ऑस्लोत जाऊन, संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. मी नातीला आपल्या मुळशीची हकिकत सांगितली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध असाच सत्याग्रह केला होता. मुळशीचे धरण अखेर झाले, आल्ताचेही झाले. पण आल्ताच्या लढ्याने देशाला जाग आली, आणि १९८९ मध्ये नॉर्वेतील सामींची स्वतःची संसद स्थापन झाली.

परंतु सर्वांत अधिक विचार करायला लावले ते एका इनुइट स्त्रीने. शीला वॉट-क्लूटिए हे तिचे नाव. लहानपणी, वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत, कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीखेरीज दुसरे वाहन तिला ठाऊक नव्हते. २००५ साली तिने आपल्या लोकांच्या वतीने अमेरिका खंडातील मानवी हक्क आयोगापुढे एक गाऱ्हाणे मांडले. जगाच्या धुरामुळे पृथ्वी तापते आहे आणि त्यामुळे आमचा जगण्याचा हक्क हिरावला जात आहे, असे ते गाऱ्हाणे होते. आयोगाने ते दाखल करून घेतले नाही. पण जगाच्या कानी गेले. पुढे तिने आपल्या आत्मकथनाला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'थंड राहण्याचा हक्क'. आपण कोल्हापूरकर उन्हाने हैराण झालो की थंडी मागतो. पण थंडी हा कोणाचा हक्क कसा असू शकेल? नातीला ते कळेना. मी म्हणालो, "कोकणात उतरायचे तर आपल्याला काय लागते?" ती म्हणाली, "रस्ता." इनुइटांचा रस्ता म्हणजे गोठलेला समुद्र. त्यावरूनच शिकारीला जायचे, त्यावरूनच शेजारच्या वस्तीत. हातातली काठी आपटून, बर्फाचा रंग पाहून, तो भार सोसेल की नाही हे जाणते शिकारी ओळखीत. आता बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. जाणत्यांचा अंदाजही चुकू लागला आहे. ज्याचा रस्ताच पाय ठेवताना खचतो, त्याने थंडी मागितली तर त्यात नवल ते काय?

आम्ही आकडे मांडले. उपग्रह १९७९ पासून या बर्फाचे सलग मोजमाप करीत आहेत. सप्टेंबरात बर्फ सर्वांत कमी असतो. त्या पहिल्या वर्षांत सप्टेंबरातही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर समुद्र बर्फाखाली असे. २०१२ च्या सप्टेंबरात ते क्षेत्र ३४ लाखांवर आले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने हा प्रदेश तापत आहे. असे का, हे समजायला आम्हांला लांब जावे लागले नाही. वैशाखात आमच्या गच्चीचा चुना दिलेला अर्धा भाग अनवाणी पायांना सोसतो. डांबर दिलेल्या भागावर पाऊल ठरत नाही. पांढरे ते ऊन परतवते, काळे ते पिऊन टाकते. पांढरा बर्फ गेला की खालचा काळा समुद्र उघडा पडतो, ऊन पितो आणि उरलेल्या बर्फालाही वितळवतो.

आणखी एक प्रयोग तुम्हीही करून पाहा. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवा. खडा विरघळला तरी पाणी सांडत नाही. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचे असेच आहे. पण ग्रीनलंडच्या भूमीवर जो बर्फाचा डोंगर रचलेला आहे, तो विरघळला की ते पाणी बाहेरून पेल्यात ओतल्यासारखे होते. तो सगळा वितळायला शतकानुशतके लागतील. परंतु तसे झाले, तर जगभरचा समुद्र सुमारे सात मीटर चढेल. मालवणचा किनारा काय आणि इकालुइतचा काय, समुद्र एकच आहे.

येथे नातीने तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाटच पाहत होतो. "आजोबा, आपला पूर त्या बर्फाने पाठवला का?"

'हो' म्हणण्याचा मोह मला झाला. त्याने आमची गोष्ट कशी छान जुळून आली असती! पण तीस वर्षे सोपे उत्तर देऊन मी काय केले होते, हे मला आता ठाऊक होते. आम्ही आणखी शोध घेतला. आमच्यापासून घाट उतरून गेले की गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारतीय शास्त्रज्ञांची पहिली तुकडी २००७ साली आर्क्टिकला गेली. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधील नी-ऑलेसुंड येथे, उत्तर ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरांवर, भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र उघडले. २०१४ मध्ये तेथील खाडीच्या पाण्यात आपल्या शास्त्रज्ञांनी उपकरणांची एक साखळी सोडली. २०१३ पासून भारत हा आर्क्टिक परिषदेचा निरीक्षक आहे. उष्ण देशातील माणसांनी तेथे जावे कशाला? कारण आपला मोसमी पाऊस आणि तेथील बर्फ यांचे काही नाते आहे काय, हे त्यांना पाहायचे आहे. २०२१ मध्ये याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी असे मांडले, की उन्हाळ्यात कारा समुद्रातील बर्फ घटणे आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टी होणे, यांचा संबंध असण्याची शक्यता आहे. शक्यता! शास्त्रज्ञ हा शब्द तोलून वापरतात.

म्हणून मी नातीला सांगितले, "बाळ, आपला पूर ऑगस्टातला. सह्याद्रीवर थोड्या दिवसांत अतोनात पाऊस पडला. धरणे भरली. शिवाय नदीच्या हक्काच्या जागेत आपणच घरे बांधली, भराव घातले. त्यातला वाटा कोणाचा किती, हे मोजणे सोपे नाही. बर्फावर सारा दोष टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही." तिने ते सारे वहीत लिहून घेतले आणि खाली लिहिले, "आजोबांनी सांगितले. अजून शोधायचे आहे."

वही भरली तेव्हा आम्ही एक मोठा कागद आणून त्यावर नवा नकाशा काढला. या नकाशाच्या मध्यभागी ध्रुव होता आणि सभोवार देश. त्यात नातीने प्रत्येक वस्तीचे नाव तेथील लोक घेतात तसे लिहिले. तो नकाशा आम्ही ओसरीवर, पुराच्या रेघेच्या वर लावला. २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा आली आणि या वेळी पाणी ५६ फुटांच्या वर गेले. घर सोडताना नातीने सर्वांत आधी तो नकाशा गुंडाळून घेतला. आता भिंतीवर दोन रेघा आणि दोन तारखा आहेत.

शाळा पुन्हा सुरळीत सुरू झाल्यावर, २०२२ मध्ये, मी मुख्याध्यापकांकडे एक तास मागून घेतला. तोच वर्ग, तीच भिंत. मी मुलांना म्हणालो, "या वर्गात मी तीस वर्षे एक गोष्ट चुकीची शिकवली. ज्यांना शिकवली ते आता मोठे झाले. त्यांची क्षमा मागायला मी तुमच्यापुढे उभा आहे." वर्गात एकदम शांतता पसरली. शिक्षक असेही बोलू शकतात, याचे मुलांना नवल वाटले असावे. मग मी नकाशा उलगडला आणि येथवर जे तुम्हांला सांगितले ते त्यांना सांगितले.

तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, तिथली मुले आपल्याबद्दल काय शिकत असतील?"

मी उत्तर दिले नाही. त्याऐवजी सर्वांना एकेक कागद दिला आणि म्हणालो, "समजा, इकालुइतच्या शाळेतील गुरुजी फळ्याजवळ उभे राहून म्हणत आहेत, 'कोल्हापूर नावाचे एक गाव आहे. तेथे फार ऊन असते आणि पूर येतो. बाकी तेथे काही नाही.' तुम्ही त्यांना काय कळवाल?"

मुले खाली माना घालून भराभर लिहू लागली. घंटा झाली तरी कोणी उठेना. ते कागद मी घरी आणले. कोणी रंकाळ्यावरची संध्याकाळ लिहिली होती, कोणी खासबागेतली कुस्ती, कोणी पहाटे म्हशी धुवायला नदीवर जाणारे आपले वडील. एकाने फक्त आपल्या आजीचे नाव लिहिले होते.

त्या रात्री मी आणि नात गच्चीवर गेलो. कोल्हापुरातून ध्रुवतारा फार खाली दिसतो. हात लांबवून मूठ समोर धरली, तर क्षितिजापासून दोन मुठींच्याही आत. दोन घरांच्या मधल्या फटीतून तो आम्हांला सापडला. बाळ ध्रुवाला मिळालेले ते अढळपद. पण त्याच्या बरोबर खालचा बर्फ मात्र दर वर्षी हलतो आहे, विरतो आहे. नात बराच वेळ त्या दिशेला पाहत होती.

"तिथे आता किती वाजले असतील, आजोबा?" तिने विचारले.

मी घड्याळ पाहून साडेचार तास वजा केले आणि सांगितले, "दुपारचे साडेतीन. शाळा सुटली असेल."